पाठीतल्या सुईची बखर

यशवंतराव चव्हाणांनी 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात आपल्या जन्माची हकीकत अगदी थोडक्यात सांगितली आहे. १९१३ सालचा मार्च महिना, आजोळचे गाव देवराष्ट्रे. विठाबाईंना बाळंतपण फार जड गेले, गावात वैद्यकीय मदत नव्हती, त्या बेशुद्ध झाल्या. तेव्हा आजीने सागरेश्वराला साकडे घातले. लेकीला यातून सोडव, यश दे, तुझी आठवण म्हणून मुलाचे नाव यशवंत ठेवीन, असा त्या नवसाचा आशय. मायलेकरे वाचली आणि महाराष्ट्राच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांना नाव मिळाले. देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात होते आणि तालुक्याची कचेरी आमच्या विट्यात. पुढे दक्षिण सातारा जिल्हा निघाला, १९६० साली त्याचे नाव सांगली झाले, आणि देवराष्ट्रे आता कडेगाव तालुक्यात मोडते.

आमच्याकडे ही गोष्ट थोर माणसाच्या नावाची गोष्ट म्हणून सांगतात. मला तिच्यात विठाबाई दिसतात. मिरजेला डॉक्टर वॉन्लेस यांचे रुग्णालय १८९४ सालीच सुरू झाले होते, पण अडलेल्या बाईला बैलगाडीत घालून देवराष्ट्र्याहून मिरजेपर्यंत कोण आणि कसे नेणार? हाती उरला तो नवस. आपल्या भाषेतले शब्दही पाहा. बाई 'अडते', मग तिची 'सुटका' होते, ती 'मोकळी' होते. कोंडलेल्या माणसाबद्दल बोलावे तसे आपण बाळंतिणीबद्दल बोलतो आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही.

विटा हे यंत्रमागांचे आणि गलाईवाल्यांचे गाव. सोने-चांदी गाळणारी इथली माणसे केरळ-तमिळनाडूपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत पसरलेली आहेत. पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणारी मुलगी त्या शहरांतल्या बातम्याही घेऊन येते. 'पाठीत नळी घालून कळा थांबवतात' ही बातमी आमच्या गल्लीत अशीच आली आणि तिच्या मागोमाग शंकाही आल्या. "बाई, पुढं कायमची कंबर जाती म्हणं त्यानं?" "पायाला लकवा मारतोय म्हणत्यात, खरं का वो?" मी तीस वर्षे इतिहास शिकवला, वैद्यक माझा विषय नाही. पण या दोन्ही प्रश्नांना इतिहास आहे आणि तो पुष्कळसा लिहून ठेवलेला आहे. गेली दोन-तीन वर्षे मी तो वाचते आहे.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. 'मणक्यातलं इंजेक्शन' हा एकच शब्द आमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. सिझरच्या वेळी बहुधा देतात ते स्पायनल. मज्जारज्जू आणि त्याच्या खालच्या नसा पाण्यासारख्या स्वच्छ द्रवात असतात. तो द्रव ज्या पिशवीत असतो तिचे बाहेरचे चिवट आवरण म्हणजे ड्युरा. स्पायनलची बारीक सुई ड्युरा ओलांडून त्या द्रवात औषध सोडते आणि काही मिनिटांत कमरेखालचा भाग बधिर होतो. एपिड्युरलची सुई जाड असते, पण ती ड्युराच्या अलीकडे थांबवायची. तिच्यातून एक बारीक नळी आत सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तासन्‌तास थोडे थोडे औषध देत राहायचे. बाई जागी असते, पाय हलवू शकते, कळ आल्याचे तिला समजते, पण जीव कासावीस होत नाही. सुई जिथे थांबवायची ती जागा काही मिलिमीटर रुंदीची आहे. पुढे येणाऱ्या बऱ्याच अपघातांचे मूळ त्या मिलिमीटरांत आहे.

कळा कमी करण्याचा आधुनिक प्रयत्न सुरू झाला तो पाठीतून नव्हे, नाकातून. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्सन यांनी जानेवारी १८४७ मध्ये एका बाळंतिणीला ईथर हुंगवले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. 'दुःखात लेकरे प्रसवशील' या बायबलमधल्या शापाचा आधार घेऊन विरोध झाला. सिम्सननी बायबलातूनच उत्तर दिले की आदमची फासळी काढताना देवाने त्याला आधी गाढ झोपवले होते. १८५३ साली जॉन स्नो यांनी राणी व्हिक्टोरियाला आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला आणि वाद बराचसा मिटला. धर्माचा वाद मिटला, एवढेच. क्लोरोफॉर्मने माणसे मरत होती. पहिली नोंदलेली मृत्यूची घटना जानेवारी १८४८ ची. पंधरा वर्षांची हॅना ग्रीनर, पायाच्या बोटाचे नख काढायला आणलेली मुलगी.

या मृत्यूंची मोठी चौकशी आपल्याकडेच झाली, हे फारसे कुणाला आठवत नाही. १८८८ आणि १८८९ साली निजामाच्या पैशावर हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म कमिशन बसली. प्रमुख होते शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी. जनावरांवर शेकडो प्रयोग करून त्यांनी निष्कर्ष काढला की श्वासाकडे लक्ष ठेवले तर क्लोरोफॉर्म हृदयाला थेट मारत नाही. निष्कर्ष चुकीचा ठरला. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी हृदयाचा ठोका क्लोरोफॉर्मने कसा बिघडतो हे दाखवून दिले. तरी त्या कमिशनचे मला महत्त्व वाटते. भूल देताना माणूस दगावला तर 'त्याचे दिवस भरले होते' असे म्हणून न थांबता मोजमाप करायचे, हा विचार निजामाच्या राज्यात रुजला होता. लॉरींच्या हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई जगातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री-भूलतज्ज्ञांपैकी एक. कल्याणच्या आनंदीबाई जोशींनी १८८६ साली फिलाडेल्फियात सादर केलेला प्रबंध प्रसूतिशास्त्रावरच होता. त्यांचे स्वतःचे पहिले मूल दहा दिवसांचे होऊन गेले होते. तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या.

पाठीतल्या सुईची गोष्ट सुरू होते ती ऑगस्ट १८९८ मध्ये जर्मनीतल्या कील गावात. ऑगस्ट बिअर या शल्यचिकित्सकाने सहा रुग्णांच्या मणक्यात कोकेन टोचून त्यांच्या पायांवर वेदनेविना शस्त्रक्रिया केल्या. पण नंतर काहींना भयंकर डोकेदुखी झाली आणि उलट्या झाल्या. ती कशाने, हे समजावे म्हणून बिअरने आपला सहायक हिल्डेब्रांट याच्याकडून स्वतःच्या पाठीत सुई टोचून घेतली. पिचकारी सुईला नीट बसेना, आतला द्रव वाहून गेला, प्रयोग फसला. मग हिल्डेब्रांट पालथा झाला. त्याचे पाय बधिर झाल्यावर बिअरने त्याला टोचले, सिगारने चटका दिला, नडगीवर लोखंडी हातोडी मारली. त्याला काही लागले नाही. संध्याकाळी दोघांनी जेवण केले, दारू प्यायले, सिगार ओढले. दुसऱ्या दिवसापासून बिअर नऊ दिवस आडवा. उठून बसला की डोके फुटायचे, आडवा झाला की थांबायचे. द्रव गळून गेल्यामुळे हे होते असा अंदाज त्याने स्वतःच्या दुखण्यावरून बांधला आणि तो बरोबर होता.

बाळंतपणातल्या एपिड्युरलचे सर्वांत नेहमीचे विघ्न आजही हेच. जाड सुई कधी पुढे सरकते आणि ड्युराला भोक पडते. शंभरात सुमारे एका बाईला असे होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींना हे बिअरचे दुखणे होते. बाळाला पाजायला उठून बसणेच अशक्य होऊन जाते. आमच्याकडे बाळंतिणीचे डोके दुखले की कान उघडे राहिले, वारे लागले, असे म्हणून फडके घट्ट बांधतात. त्याने नुकसान नाही, पण 'बसले की दुखते, निजले की थांबते' ही खूण कुणी सांगितली तर डॉक्टरला अर्ध्या मिनिटात निदान करता येते. उपायही घरगुती वाटावा असा आहे. १९६० साली जेम्स गॉर्मली या अमेरिकी शल्यचिकित्सकाने पाहिले की टोचताना ज्यांना थोडे रक्त आले त्यांचे डोके कमी दुखते. त्याने रुग्णाचेच दोन-तीन मिलिलिटर रक्त त्याच जागी टोचून पाहिले. १९७० पर्यंत डिजिओव्हानी आणि डनबार यांनी ही युक्ती पक्की केली. रक्त गोठते आणि भोक बुजते. पंक्चर काढण्यासारखेच आहे हे. मात्र दुखणे आठवडेच्या आठवडे तसेच ठेवले तर क्वचित मेंदूभोवती रक्त साकळू शकते, म्हणून 'होईल आपोआप बरे' म्हणत बसणे धोक्याचे.

एपिड्युरल शोधून काढणाऱ्याच्या नशिबी मात्र विस्मरण आले. फिडेल पाजेस हा स्पॅनिश सैन्यातला डॉक्टर. १९२१ साली त्याने ड्युराच्या अलीकडे औषध सोडून केलेल्या त्रेचाळीस शस्त्रक्रियांची माहिती स्पॅनिश भाषेतल्या एका नियतकालिकात छापली. दोन वर्षांनी मोटार अपघातात तो गेला. १९३१ साली इटलीच्या दोलिओत्ती यांनी हीच पद्धत नव्याने मांडली आणि ती जगभर गाजली. पाजेसचे श्रेय त्याला नंतर अर्जेंटिनातल्या गुटिएरेस यांनी मिळवून दिले, कारण ते स्पॅनिश वाचत होते. ज्या भाषेकडे जग पाहत नाही त्या भाषेत नवे काही लिहिले की त्याचे काय होते, हे मराठी वाचकाला मी वेगळे समजावून सांगायला नको.

पाठीत नळी ठेवून बाळंतपण होईपर्यंत औषध देत राहण्याची कल्पना १९४० च्या दशकात अमेरिका आणि क्यूबात पक्की झाली. त्याच दशकात एक अपघात घडला आणि त्याने या सुईचे नाव काळे केले. रुग्ण बाळंतिणी नव्हत्या, दोन मजूर होते. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी इंग्लंडमधल्या चेस्टरफील्ड रुग्णालयात वूली आणि रो यांच्यावर किरकोळ शस्त्रक्रिया झाल्या. दोघांनाही स्पायनल दिले होते आणि दोघांचेही पाय कायमचे गेले. औषधाच्या काचेच्या कुप्या निर्जंतुक करण्यासाठी फिनॉलमध्ये बुडवून ठेवत. काचेला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडून फिनॉल आत झिरपले असावे, असे कोर्टात मांडले गेले. १९५४ साली अपील कोर्टाने डॉक्टरला दोषमुक्त केले. लॉर्ड डेनिंग यांचे म्हणणे असे की १९४७ च्या प्रसंगाकडे १९५४ चा चष्मा लावून पाहता येणार नाही. भेगांची गोष्ट खरी होती की उपकरणे उकळायच्या भांड्यात मळ काढण्यासाठी घातलेले आम्ल राहून गेले होते, यावर पुढे १९९० साली नव्याने खल झाला.

निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला, पण व्हीलचेअरवर कोर्टात आलेली ती दोन माणसे लोकांच्या आणि डॉक्टरांच्याही मनातून गेली नाहीत. ब्रिटनमध्ये स्पायनल कित्येक वर्षे मागे पडले. बाळंतपणात शस्त्रक्रिया करायची तर पूर्ण भूल, हा रिवाज चालू राहिला. आता पूर्ण भूल बाळंतिणीला काय करते ते न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ सालीच छापले होते. त्यांनी ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. त्यांत ६६ जणींच्या पोटातले उलटून फुप्फुसात गेले होते. इंग्लंडने १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी सुरू केली. भुलीने झालेल्या मृत्यूंत पूर्ण भूल आणि पोटातले उलटून श्वासात जाणे हीच कारणे पुन्हा पुन्हा आढळत राहिली. एका विरळ अपघाताची भीती इतकी मोठी झाली की तिच्यापासून पळताना बायकांना अधिक मोठ्या धोक्यात ढकलले गेले. माझ्या वाचनात या विषयातला सगळ्यात जड भाग हाच होता. पाय गेलेला माणूस दिसतो; भुलेखाली गुदमरलेली बाई कागदावर एक आकडा होऊन जाते.

आपल्याकडच्या न्यायालयांत याच काळात आलेला एक खटला याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला आणले. पुरेशी भूल न देता, माणसांकरवी जोर लावून हाड बसवले गेले आणि त्या धक्क्याने मुलगा गेला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. भरपाई ३,००० रुपये. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या भारतीय कायद्यात तो निकाल आजही दाखला म्हणून दिला जातो. तिकडे भूल दिली म्हणून खटला, इकडे पुरेशी दिली नाही म्हणून. आपल्या समाजाला वेदना ही अपघात वाटत नाही, ती रीत वाटते. बाळंतपणाच्या बाबतीत तर फारच.

लकव्याच्या प्रश्नाकडे येते. २००६ साली रुपेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या २७ अभ्यासांची बेरीज केली. बाळंतपणात एपिड्युरल घेतलेल्या स्त्रिया १३ लाख ७० हजार. मणक्याच्या पोकळीत रक्त साकळून गाठ होणे १ लाख ६८ हजारांत एकीला, आत खोलवर जंतुसंसर्ग १ लाख ४५ हजारांत एकीला, नसेला कायमची इजा २ लाख ४० हजारांत एकीला. काही काळाने बरी होणारी इजा ६,७०० त एकीला. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने सगळ्या सरकारी रुग्णालयांतून वर्षभर नोंदी मागवून २००९ साली मोजणी छापली. पाठीतल्या ७ लाखांवर इंजेक्शनांत कायमची इजा, वाईटात वाईट धरून, लाखात चार. बाळंतिणींत त्याहून बरीच कमी.

मग आमच्याकडच्या बायका बाळंतपणानंतर पाय ओढत चालणाऱ्या कुणा नात्यातल्या बाईचे नाव घेतात, ते खोटे असते का? खोटे नसते. शिकागोत सिंथिया वाँग यांनी ६,०५७ बाळंतिणींना दुसऱ्या दिवशी एकेक गाठून विचारले. शंभरात जवळपास एकीच्या पायाला बधिरपणा किंवा अशक्तपणा आला होता. कारण बहुतेकींत सुई नव्हती. पहिलटकरीण असणे आणि जोर काढायचा काळ लांबणे, या दोन गोष्टींशी त्याचा संबंध दिसला. बाळाचे डोके ओटीपोटातल्या नसांवर दाबून बसते, पाय फार वेळ वाकवून धरले जातात. यांतल्या बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात. सुई घेतली नसती तरी हे झाले असते. पण सुई घेतलेली असली की दोष कुणाच्या माथी जाणार हे ठरलेले.

विरळ अपघात मात्र खरे आहेत आणि त्यांतला एकेक वाचताना अंगावर काटा येतो. गरोदरपणात पाठीच्या पोकळीतल्या शिरा फुगलेल्या असतात. नळीचे टोक त्यांतल्या एखाद्या शिरेत गेले तर बधिर करणारे औषध थेट हृदयाकडे जाते. बुपिव्हाकेन या औषधाने बंद पडलेली हृदये पुन्हा चालू होत नाहीत, अशी शंका १९७९ साली जॉर्ज ऑलब्राइट या अमेरिकी भूलतज्ज्ञाने एका संपादकीयात मांडली. पुढे आणखी प्रकरणे उजेडात आली आणि १९८४ साली त्याचे ०.७५ टक्क्याचे तीव्र द्रावण अमेरिकेत बाळंतपणासाठी बंद झाले. तेव्हापासून आधी थोडे औषध देऊन पाहायचे, थांबायचे, मग पुढचे, ही शिस्त आली. उतारा सापडला तो अनपेक्षित. १९९८ साली गाय वाइनबर्ग यांना उंदरांवरच्या प्रयोगात दिसले की सोयाबीन तेलाचे दुधासारखे मिश्रण शिरेतून दिले तर औषधाचे विष उतरते. २००६ साली माणसावर त्याचा पहिला यशस्वी वापर छापून आला. आमच्या भागात खरिपाला शेतोशेती असणारे सोयाबीन या कामाला येईल, असे कुणाला वाटले असते!

औषध चुकून ड्युराच्या आत गेले तर बधिरपणा छातीपर्यंत चढतो आणि श्वास थांबू शकतो. अमेरिकेतल्या तीस रुग्णालयांच्या मोजणीत असे वर चढणे ४,३३६ त एकदा दिसले. जवळ भूलतज्ज्ञ असेल तर तो श्वासनलिकेत नळी घालतो, औषध उतरेपर्यंत श्वास देतो आणि बाई वाचते. जवळ कुणी नसेल तर काही मिनिटेच हातात असतात.

काही अपघात निव्वळ हातून घडतात. इंग्लंडमधल्या स्विंडन येथे २००४ साली आणि अमेरिकेतल्या मॅडिसन येथे २००६ साली पाठीसाठीच्या औषधाची पिशवी हाताच्या सलाइनला जोडली गेली. दोन्ही ठिकाणी आई गेली. सिडनीत २०१० साली उलटे झाले. कातडी पुसायचे जंतुनाशक आणि सलाइन, दोन्ही रंगहीन द्रव, शेजारच्या वाट्यांत होते. जंतुनाशक पाठीत गेले आणि ती बाई कायमची अपंग झाली. न्यूयॉर्क आणि ओहायोत २००८-०९ मध्ये बाळंतपणात स्पायनल घेतलेल्या पाच स्त्रियांना मेंदूज्वर झाला, एक गेली. जंतू माणसाच्या तोंडात राहणारे होते आणि ओहायोतल्या भूलतज्ज्ञाने मास्क लावलेला नव्हता. यातल्या प्रत्येक घटनेतून काहीतरी निघाले. मास्क सक्तीचा झाला, उघड्या वाट्यांत द्रव ओतणे बंद करण्याच्या सूचना निघाल्या. पाठीच्या नळीचे तोंड हाताच्या सलाइनला बसूच नये असे आंतरराष्ट्रीय मानक २०१६ मध्ये आले. असे नियम निघाले, कारण त्या घटना लिहिल्या गेल्या होत्या.

आपल्याकडे काय लिहिले जाते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात आणि २५.४ टक्के सिझरने. म्हणजे चार बाळंतिणींमागे एकीच्या शस्त्रक्रियेचा प्रश्न येतो आणि त्यांतल्या बहुतेकींच्या पाठीत सुई जाते. माता दगावली तर चौकशी करण्याची पद्धत सरकारी यंत्रणेत २०१० पासून आहे. जगली पण पाय ओढत घरी गेली, डोके धरून महिनाभर अंधाऱ्या खोलीत निजली, तिची नोंद कुठेच नाही. दोन खासगी दवाखान्यांनी मला शस्त्रक्रियेचे रजिस्टर पाहू दिले. नाव, वय, शस्त्रक्रिया, भुलीचा प्रकार, डॉक्टरची सही, इतकेच रकाने.

तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ बहुधा एका दवाखान्याचा नसतो. तो फोन आला की येतो, काम झाले की पुढच्या दवाखान्यात जातो. सिझरच्या स्पायनलला हे कसेबसे चालते, कारण शस्त्रक्रिया संपेपर्यंत तो टेबलाशी असतो. एपिड्युरल आठ-दहा तास चालते. म्हणून मुली विचारायला येतात तेव्हा मी सुईबद्दल थोडेच सांगते आणि भूलतज्ज्ञाच्या मोटारसायकलबद्दल जास्त. रात्रभर ती दवाखान्याच्या दारात उभी राहणार का, हे विचार. नर्सला दर थोड्या वेळाने रक्तदाब आणि पायांची ताकद पाहायला शिकवले आहे का, हे विचार. रक्त पातळ होण्याची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर आधी सांग. सगळे झाल्यावर बधिरपणा उतरण्याऐवजी वाढत असेल, पाठीत कळ असेल, लघवी होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नको. रक्ताची गाठ असेल तर ती आठ तासांच्या आत काढली तरच पाय परत येण्याची आशा राहते. इतके विचारून समाधान झाले नाही तर सुई घेऊ नये, हे माझे मत. समाधान झाले तर सासूबाईंना घाबरून नको म्हणू नये, हेही माझेच मत.

राहिली कंबर. या प्रश्नावर आमच्या गल्लीची आणि बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांची एकेकाळी एकवाक्यता होती. १९९० साली क्रिस्टीन मॅकआर्थर यांनी तिथल्या प्रसूतिगृहात बाळंत झालेल्या ११,७०१ बायकांना पत्रे पाठवून विचारले. एपिड्युरल घेतलेल्या १८.९ टक्के जणींची कंबर पुढे दीर्घकाळ दुखत होती, न घेतलेल्या १०.५ टक्के जणींची. वर्तमानपत्रांनी तो आकडा उचलला. पण सुई कोण मागते? जिचे बाळंतपण लांबले, जिच्या कळा असह्य झाल्या, जिची कंबर कदाचित आधीच दुखत होती ती. म्हणून पुढच्या संशोधकांनी सुई कुणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे आधी ठरवले. २००२ साली शार्लट हॉवेल यांनी अशा ३६९ बायकांचा दोन वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा करून निकाल छापला. दोन्ही गटांत कंबरदुखी सारखीच होती.

हे मी मुलींना सांगते तेव्हा त्या ऐकून घेतात, पण सगळ्यांना पटते असे नाही. त्यांच्या आया चाळिशीतच कमरेला हात लावून उठतात. तीन लेकरे, पाण्याच्या घागरी, मागावरची बारा तासांची पाळी, बाळंतपणात अंगावरून गेलेले रक्त कधी भरून न निघणे, हे सगळे त्या कमरेत जमा झालेले असते. त्यांतल्या कशाचाच एक ठरावीक दिवस सांगता येत नाही. सुई टोचल्याचा दिवस मात्र प्रत्येकीला तारखेसह आठवतो.